परसदारचा हौद

तुमच्या घरात सगळ्यात शेवटी आंघोळ कोण करतं? उत्तराला वेळ लागायचा नाही. आधी शाळेची घाई असलेली मुलं, मग ऑफिस गाठणारे ‘हे’, मग देवपूजा खोळंबलेले मामंजी, मग सासूबाई. कुकर उतरला, डबे भरले, दूधवाल्याचा हिशेब झाला, की आपण न्हाणीघरात शिरतो. तोवर बंबातला विस्तव विझलेला असतो, नाहीतर गच्चीवरच्या सोलरची टाकी गार पडलेली असते. उरलेलं कोमट पाणी अंगावर घ्यायचं आणि ‘झाली बाई एकदाची आंघोळ’ म्हणत पुन्हा ओट्यापाशी उभं राहायचं.

आठवून पाहा, मनसोक्त कढत पाणी बाईच्या वाट्याला आयुष्यात कितीदा येतं? बाळंतपणात. सव्वा महिना तेल लावून, घंगाळंच्या घंगाळं ओतून कुणीतरी आपल्याला न्हाऊ घालतं. त्यानंतर दिवाळीचं पहिलं पाणी, तेही उटणं लावून सगळ्यांची पाठ चोळून झाल्यावर. बाकी वर्षभर आपण दुसऱ्यांचं विसण बरोबर झालंय का एवढंच बघतो.

म्हणून आम्ही बारामतीत घराच्या परसात गरम पाण्यात बसायचा हौद बांधला असं मी सांगितलं, तर तुम्ही डोळे मोठे कराल. आमच्या गल्लीतही ते झालेच. ‘हॉटेलात असतो तसा का?’ इथपासून ‘भलतीच हौस!’ इथपर्यंत सगळं ऐकून झालं. दोन हिवाळे गेल्यावर आता तीच मंडळी माप विचारायला येतात. तेव्हा म्हटलं, एकदाच सविस्तर लिहावं.

हौस की गरज?

हॉटेलातल्या त्या बुडबुड्यांच्या टबाची गोष्ट मोठी मजेशीर आहे. इटलीहून अमेरिकेत गेलेले जकूझी आडनावाचे सात भाऊ. आधी त्यांनी विमानाचे पंखे बनवले, नंतर विहिरीवरचे शेतीचे पंप. त्यांच्यातल्या एका भावाच्या तान्ह्या मुलाला सांधेवातानं गाठलं. दवाखान्यात त्याला ढवळत्या गरम पाण्यात बसवत, त्यानं आराम पडे. मग या पंपवाल्यांनी घरच्या टबात सोडता येईल असा छोटा पंप केला आणि १९५६मध्ये तो विकायला आणला. पुढच्या पिढीतल्या रॉय जकूझीनं १९६८मध्ये पंप टबातच बसवला आणि पुढं ती श्रीमंतांची चैन झाली. मुळात मात्र ती एका दुखऱ्या पोराची सोय होती, आणि सोय करणारे शेतकऱ्यांना पंप विकणारे लोक. नीरेच्या डाव्या कालव्याच्या काठच्या आम्हा बारामतीकरांना ही मंडळी परकी कशी वाटावी?

आमच्या घरी दुखरे गुडघे सासूबाईंचे. चाळीस वर्षं पाटावर बसून स्वयंपाक, मोरीवर उकिडवं बसून धुणं, आणि चुलीपुढं वाकून बंब पेटवणं. सकाळी उठल्यावर पाऊल टेकवताना त्यांच्या तोंडून निघणारा ‘आई गं’ घरभर ऐकू यायचा. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, गरम पाण्यानं झीज भरून येत नाही. पण ताठरलेले स्नायू सैल होतात, पाण्यात शरीराचा भार हलका होतो, आणि त्या वेळात गुडघे हलवून घेतले तर दिवस बरा जातो. बादलीनं अंगावर ओतलेलं पाणी क्षणात वाहून जातं, शेकाच्या पिशवीनं एका वेळी एकच गुडघा शेकतो. बसायला पाणी हवं.

कोकणाकडच्या बायका नशीबवान. वज्रेश्वरी, गणेशपुरी, दापोलीजवळचं उन्हवरे, राजापूरचं उन्हाळे, तिथं जमिनीतूनच कढत पाणी येतं. आपल्याकडं घाटावर ते तापवावं लागतं, आणि तापवायच्या आधी मिळवावं लागतं.

आईचा प्रश्न

या ‘मिळवण्या’पाशीच माझं घोडं अडलं होतं. माझं माहेर इंदापूर. एका अंगाला भीमा, दुसऱ्या अंगाला नीरा, आणि तालुक्याच्या टोकाला नरसिंहपुरात दोघींचा संगम. १९८०मध्ये उजनीचं धरण पुरं झालं, पळसदेवसारखी जुनी गावठाणं पाण्याखाली गेली. इतकं पाणी उशाशी असूनही उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या वाड्या-वस्त्या इंदापूरनं पाहिल्या आहेत. बारामती तालुक्याचंही तेच. कालव्याखाली ऊस हिरवागार आणि जिरायती पट्ट्यात हंडा रिकामा.

हौदाचं ऐकून आई म्हणाली, “पाण्यासाठी उभं राहण्यात माझी निम्मी हयात गेली. पाण्यात बसायचं कधी सुचलं नाही बाई.”

ती रागानं बोलली नव्हती, पण मी आठ दिवस गप्प होते. मग कागद-पेन्सिल घेऊन बसले. हौदाला पाणी किती लागेल, ते कुठून येईल आणि नंतर कुठं जाईल, याचा जमाखर्च मांडल्याशिवाय एक वीट आणायची नाही असं ठरवलं. तुम्हीही सुरुवात इथूनच करा. दुकानापासून करू नका.

माप आणि हिशेब

पुण्या-मुंबईच्या दुकानांत तयार टब मिळतात. चार माणसं बसतील अशा टबात साधारण हजार-बाराशे लिटर पाणी मावतं. ते महिनोन्‌महिने साठवून, गाळून, क्लोरीन घालून वापरायचं आणि सतत विजेवर गरम ठेवायचं. आपल्या वीज बिलाला आणि जड पाण्याला ते झेपणारं नाही. शिवाय आपल्याला हवं एका माणसापुरतं.

आमच्या हौदाचं आतलं माप असं: लांबी ४ फूट, रुंदी सव्वादोन फूट, खोली २ फूट. पाणी दीड फुटापर्यंत. म्हणजे साडेतेरा घनफूट, लिटरमध्ये सुमारे ३८०. एका टोकाला आत नऊ इंच उंचीची बैठक बांधली आहे, कारण दुखऱ्या गुडघ्याला तळावरून उठवत नाही. बैठकीची जागा आणि बसणाऱ्या माणसाची जागा वजा केली की प्रत्यक्षात भरावं लागतं २८० लिटरच्या आसपास. दीड पिंपाहूनही कमी.

आता ऊब. सोलरचं पाणी ६० अंश धरा, नळाचं हिवाळ्यात २२. बसण्याजोगं पाणी म्हणजे ४० अंश. तेवढ्यासाठी कढत आणि विसण जवळजवळ निम्मं-निम्मं लागतं, म्हणजे सुमारे १३५ लिटर कढत. दुकानदार म्हणत होता, “वहिनी, शंभर लिटरचा सोलर पुष्कळ झाला.” कागदावरचा आकडा दाखवल्यावर गप्प बसला. सोलरमधून पाणी काढत जाल तसं मागून गार पाणी आत येतं आणि शेवटचं पाणी कोमट होतं, हेही धरायला हवं. म्हणून आम्ही २०० लिटरचा घेतला.

गवंड्याला काय सांगाल

बारामतीची काळी माती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते. तिच्यावर हौद बांधला तर दुसऱ्या वर्षी तडकलाच म्हणून समजा. काळी माती पूर्ण उपसून मुरूम लागेपर्यंत खाली जायचं, मुरूम भरून पाणी मारत चोपायचा, मग काँक्रीट. एवढ्यावर तडजोड नको. गच्चीवर किंवा गॅलरीत बांधायचा मोह होईल, पण एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. वीट, सिमेंट आणि माणूस वेगळेच. इंजिनिअरला विचारल्याशिवाय जमीन सोडू नका.

हौदाभोवती नऊ इंच उंच ओटा घ्या. ओट्यापासून हौदाचा काठ दीड फूट ठेवा, म्हणजे खुर्चीच्या बैठकीएवढा. काठावर बसायचं, वळायचं, एकेक पाय आत घ्यायचा. उडी नाही, लंगडी नाही. या मापानं हौदाचा तळ परसातल्या जमिनीपेक्षा तीन इंच वर राहतो, त्यामुळं दट्ट्या काढला की पाणी आपसूक वाहून जातं. काठ रुंद आणि गोल करून घ्या. तळाला चकचकीत फरशी नको, खरखरीत घ्या. भिंतीत पोलादी दांडी पक्की बसवा, म्हाताऱ्या माणसाचा सगळा भार तिच्यावर येतो.

बांधकामावर आठ-दहा दिवस पाणी मारून झालं की हौद काठोकाठ भरा, पेन्सिलीनं खूण करा आणि दुसऱ्या दिवशी बघा. आमची खूण दोन बोटं उघडी पडली. पाणी बाहेर जाणाऱ्या पाइपाच्या सांध्यातून झिरपत होतं. गवंडी तेव्हा घरातच होता म्हणून तासाभरात काम झालं. फरशी बसल्यावर कळलं असतं तर पुन्हा सगळं खोदकाम. तेव्हा आधी पाणी, मग फरशी, मग गवंड्याचे शेवटचे पैसे.

आडोशाचा विचार पहिल्या दिवशीच करा. शेजारच्या गच्चीवरून दिसत असेल तर कसलं सुख? आम्ही तीन बाजूंनी बांबूच्या तट्ट्या लावल्या आणि वर डाळिंबाच्या रोपवाटिकेत वापरतात ते हिरवं शेडनेट. इंदापूरहून भावानं आणून दिलं.

सोलर बसवताना

आपल्याकडचं पाणी जड. पातेल्यात उकळलं तरी पांढरा थर धरतं. तांब्याच्या बारीक नळ्यांच्या सोलरमध्ये हा थर नळ्या बुजवतो. म्हणून जड पाण्याला काचेच्या रुंद नळ्यांचा सोलर बरा. त्यातही थर धरतो, पण लवकर तुंबत नाही, आणि नळ्या काढून साफ करता येतात.

सोलरचं तोंड दक्षिणेला. गार पाण्याची टाकी सोलरच्या टाकीपेक्षा उंचावर, नाहीतर पाणी चढणार नाही. हवेचा पाइप त्या गार टाकीच्याही वर जायला हवा, तो कधीही बंद करायचा नाही. कढत पाण्याला साधा पीव्हीसी पाइप चालत नाही, मऊ पडतो. सीपीव्हीसी घ्या आणि वरून गरम-रोधक वेष्टण चढवा.

आणि एक गोष्ट गाठीला बांधून ठेवा. उन्हात तापलेल्या रिकाम्या काचेच्या नळ्यांत गार पाणी सोडलं की त्या तडकतात. आमचा फिटर भर दुपारी दोन वाजता पाणी चालू करायला निघाला होता. मी त्याला चहा दिला आणि दुसऱ्या दिवशी उजाडताना यायला सांगितलं. कुरकुरला, पण आला.

बंब मात्र मोडीत काढू नका. हौदाच्या सिमेंटच्या भिंती आधी स्वतःच ऊब पितात, तेव्हा कोणी आत बसण्याआधी बंबातल्या दोन बादल्या उपयोगी पडतात. ढगाळ दिवशी सोलर हिरमुसतो तेव्हाही बाभळीच्या दोन ढलप्या आणि मूठभर तुराट्यांवर बंबच धावून येतो.

जिवाशी खेळ नको

पुढचं जरा कडक शब्दांत सांगते, रागावू नका. हौदात विजेचा रॉड कधीही सोडायचा नाही, ‘दोनच मिनिटं’ असं म्हणूनसुद्धा नाही. हौदाशेजारी विजेचं बटण, पंखा, लोंबती वायर काही नको.

आधी विसण, मागून कढत. उलटं केलं आणि मूल वाकलं तर काय होईल, याचा विचारही नको. पाणी ढवळून कोपरानं बघा, तान्ह्या बाळाला न्हाऊ घालताना बघतो तसं. अंदाजापेक्षा थर्मामीटर बरा, असं म्हणायला हरकत नाही. ४० अंशांच्या वर जायचं नाही आणि पंधरा-वीस मिनिटांहून जास्त बसायचं नाही. उठताना सावकाश, दांडी धरून. गरम पाण्यात रक्तदाब उतरतो आणि एकदम उभं राहिलं तर भोवळ येते. म्हणून हाकेच्या अंतरावर कुणीतरी हवं.

हृदयविकार, रक्तदाब, मधुमेह असेल तर डॉक्टरांना विचारूनच. मधुमेहात पावलं बधिर झाली असली तर चटका कळतच नाही. दिवस गेलेल्या सुनेनं-लेकीनं कढत पाण्यात बसू नये. सांधा लाल होऊन सुजला असेल तर शेकायच्या आधी दाखवून घ्या.

वापर झाला की हौद त्याच संध्याकाळी रिकामा. भरून ठेवलेलं पाणी म्हणजे डासांना आवतण, आणि लहान मूल बुडायला वीतभर पाणीही पुरतं. वर फळ्यांचं झाकण करून घ्या आणि त्याला कडी लावा.

पाणी जातं कुठं?

आता आईच्या प्रश्नाचं उत्तर. जपानी लोक गरम पाण्याच्या हौदात उतरण्यापूर्वी बाहेर बसून अंग स्वच्छ धुतात. हौद मळ काढण्यासाठी नाहीच, नुसतं बसण्यासाठी. आम्ही तोच नियम ठेवला. आधी दोन तांब्यांत अंग धुवायचं. हौदात साबण नाही, तेल नाही, उटणं नाही. त्यामुळं सोडलेलं पाणी नितळ असतं. दट्ट्या काढण्याआधी चार बादल्या धुण्याला आणि फरशी पुसायला काढून घेतो. बाकीचं पाटानं नारळ, शेवगा, कढीपत्ता आणि अळूच्या वाफ्याला. एरवीही या झाडांना नळाचं पाणी घालतच होतो. आता तेच पाणी आधी माणसाच्या कामी येतं आणि मग झाडांच्या. पाणी थंड झाल्याशिवाय मुळांशी सोडायचं नाही, एवढं पाळा.

दुसरा नियम: हौद दिवाळी ते होळी. याच महिन्यांत थंडीनं सांधे धरतात आणि आकाश निरभ्र असल्यानं सोलरही चांगला तापतो. होळीनंतर फळ्या पडतात, कडी लागते. माहेरच्या वाटेवर टँकर दिसू लागले की आमचा हौद कोरडा. हे सगळं कागदावर लिहून मी आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “मग बांध. आणि मला एकदा बसव.” बसली की! पाऊण तास उठायला तयार नव्हती. वीस मिनिटांचा नियम सांगताना माझी कोण तारांबळ!

बुधवार आणि शनिवार

हौद आठवड्यातून दोनदाच भरतो. सोलर दुपारी चारच्या सुमाराला पुरता तापलेला असतो, म्हणून वेळही तीच. दुसऱ्या दिवशी सकाळी घरच्यांच्या आंघोळी बंबावर. ह्यांनी सुरुवातीला नाक मुरडलं, आता स्वतःच बंब पेटवतात. धुरानं डोळे चोळत पेटवतात, पण पेटवतात.

बुधवार सासूबाईंचा. काठावर बसून, वळून, दांडी धरून त्या आत उतरतात आणि डॉक्टरांनी शिकवलेल्या व्यायामाप्रमाणं पाय लांब-जवळ करतात. त्यांचे गुडघे तरुण झालेले नाहीत. जिना अजून एकेक पायरीनंच चढतात. पण गुरुवारी सकाळचा ‘आई गं’ जरा हळू येतो.

शनिवारी मुलांना बसवावं असा माझा बेत होता. सासूबाईंनी तो मोडून काढला. “मुलांना पुढं आयुष्य पडलंय,” त्या म्हणाल्या, “मी या घरात आले तेव्हापासून शेवटच्या पाण्यानं न्हाले. सासूनं कधी विचारलं नाही आणि मीही तुला कधी विचारलं नाही. शनिवार तुझा.” एवढं बोलून त्या कोथिंबीर निवडायला लागल्या. मला काय बोलावं ते सुचेना.

तर मैत्रिणींनो, शनिवारी चार ते साडेचार मी कुणाची आई नाही, वहिनी नाही, सूनही नाही. चहा सासूबाई करतात. पहिले दोन शनिवार मला आतून सारखं वाटत होतं, दूध उतू जाईल, बेल वाजेल. दूध उतू गेलंही एकदा. घर जागच्या जागी होतं.

तुमच्याकडं परस नसेल, जागा नसेल, पाणी नसेल, तर हौद बांधू नका. गुडघ्यापर्यंत पाय बुडतील असं उंच घंगाळ किंवा प्लॅस्टिकची खोल बादली आणि समोर एक स्टूल, एवढ्यानंही दुखरे पाय सुखावतात. पाणी तेच, नियम तेच. फक्त घरातल्या आंघोळीच्या रांगेत आठवड्यातून एक दिवस आपला नंबर पहिला लावून घ्या. तो आपण होऊन कुणी लावत नसतं. आणि सासूबाई असतील तर त्यांचा आपल्याही आधी.